सेल्फ लागत नाही

"गाडी चालू होत नाही," एवढं म्हणून लोक मोकळे होतात. मग मला विचारावं लागतं, चालू होत नाही म्हणजे नक्की काय होतं? सेल्फ फिरतो पण इंजिन पकडत नाही, की बटण दाबलं तर काहीच होत नाही? दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पण गिऱ्हाईक असं बघतं, जणू मी त्याची तोंडी परीक्षा घेतेय. माझा स्वभाव मुळातच तिखट, त्यात बाबांमागे गॅरेज चालवणारी बाई म्हटल्यावर अर्धे लोक मलाच विचारतात, मिस्त्री कुठे आहेत? मी सांगते, मिस्त्री वर गेले, आता मीच आहे. वर म्हणजे माळ्यावर, असं समजून काही जण वाट बघत बसतातसुद्धा.

त्या दिवशी सकाळी टेम्पोतून जी मोटारसायकल उतरली, तिच्या मालकाने मात्र नेमकं सांगितलं. "बटण दाबलं की काहीच होत नाही, ताई. दिवा नाही, हॉर्न नाही, आवाज नाही." हा मालक म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचा नवरा. वीज कंपनीत मीटर तपासतात. मीटरमध्ये कुणी लबाडी केली, सील कुणी हलवलं, वायर कुणी मधूनच काढून घेतली, हे शोधणं त्यांचं काम, आणि ते काम त्यांना मनापासून आवडतं. आवाज कधी चढवत नाहीत. लग्नात येणारा-जाणारा म्हणत होता, काय शांत जावई मिळाला मिस्त्रींना.

या शांतपणाची मला अलीकडे भीती वाटायला लागली होती. धाकटी कितीतरी महिने गॅरेजकडे फिरकली नव्हती. फोन केला की मेहुणे उचलायचे. ती कामात आहे, ती पडलीय जरा, तिला फोनवर बोलायला आवडत नाही. धाकटीला फोनवर बोलायला आवडत नाही म्हणे. चुकून कुणाचा फोन लागला तरी ही त्या माणसाच्या घरची खुशाली विचारून घ्यायची. मागे मी न सांगता तिच्या दारात जाऊन उभी राहिले होते. ऐन उकाड्यात तिने मनगटापर्यंत बाह्या ओढलेल्या, आणि बोलताना नजर माझ्याकडे नाही, रस्त्याकडे. आत ये, असंही म्हणाली नाही. 

टेम्पोतल्या दोन माणसांनी गाडी ढकलत आत आणून मधल्या स्टँडवर उभी केली. मेहुण्यांनी हँडललाही हात लावला नाही. हात काळे होतात ना. टेम्पो परत गेला आणि ते रुमालाने स्टूल पुसून त्यावर बसले.

"तुमचा नेहमीचा मिस्त्री कुठे गेला?" मी विचारलं.

"आज बंद आहे त्याचं. नाइलाज झाला. आम्हाला आजच निघायचंय."

"निघायचंय म्हणजे?"

"बदली झालीय. डोंगरापलीकडच्या उपकेंद्रावर. सामान गेलं पुढे. दुपारी आम्ही दोघं गाडीवरून निघू."

"मला कुणी बोललं नाही."

"आता बोलतोय ना."

मी पान्यांचा डबा ओढला.  मेहुणे आणखी मऊ आवाजात सांगायला लागले. "क्वार्टर छान आहे. आजूबाजूला घर नाही, दुकान नाही. शेजाऱ्यांची कटकट नाही. गळा काढून हाक मारली तरी कुणाला ऐकू जायची नाही." आणि ते हसले.

"धाकटीला बरोबर आणायचं की. जाण्याआधी भेट झाली असती."

"ती आवरतेय. बाहेरून कुलूप घालून आलोय. कुणी येऊन तिचा वेळ खायला नको."

गॅस बंद करून आलोय, असं सांगावं तितक्या सहज त्यांनी हे सांगितलं. मग खिशातून जुडगा काढून माझ्या हातावर ठेवला. त्यात गाडीची किल्ली होती आणि तिच्या शेजारी घराच्या कुलपाची.  म्हटलं, आधी गाडी बघू. गाडी बघताना माझं डोकं ठिकाणावर असतं.

किल्ली फिरवली. काहीच नाही. इंडिकेटर नाही, स्पीडोमीटरच्या काचेत एक ठिपका नाही. किक मारून बघावी तर किकचा दांडाच नव्हता. पँटला घासतो म्हणून साहेबांनी कधीचाच काढून टाकलेला. डाव्या बाजूचं कव्हर उघडून बॅटरीवर मीटर लावला. बॅटरी ठणठणीत. मग मेन फ्यूज ओढून काढला. तार शाबूत होती, पण फ्यूजचा एक पाय आतल्या बाजूला मुडपलेला होता, त्यामुळे तो खाचेत बसल्यासारखा दिसत होता आणि कुठे टेकत मात्र नव्हता. कुणीतरी आंधळेपणाने दाबून बसवला असेल. होतं असं. मी नवा फ्यूज घातला, जुना फडक्यावर ठेवला, आणि किल्ली फिरवली तर दिवे लागले. हॉर्नही खणखणीत वाजला.

"झालं?" मेहुणे उठले.

बटण दाबलं. काही नाही. टक् असा आवाजसुद्धा नाही.

"बसा," मी म्हटलं. "अजून आहे."

हे मला आवडलं नाही. गाडी बिघडते ती एका जागी. एक वायर जळते, एक स्विच गंजतो, एक फ्यूज जातो. एक बिघाड काढला आणि त्याच्याखाली दुसरा तयारच बसलाय, असं गाडी आपणहून करत नाही. तरी म्हटलं, असेल योगायोग.

किल्ली बंद केली आणि बटणाचा हुकूम सेल्फच्या मोटरला पोचवणारा जो रिले असतो, त्याची दोन जाड टोकं स्क्रूड्रायव्हरने जोडून बघितली. ठिणगी उडाली आणि सेल्फ घरघरत फिरला. म्हणजे बॅटरी चांगली, मोटर चांगली, रिलेपासून पुढचं सगळं चांगलं. रिलेला बटणाचा हुकूमच पोचत नव्हता.

"फिरली की," मेहुणे म्हणाले. "मग अशीच चालू करून द्या. उशीर होतोय."

"आणि डोंगरात बंद पडली तर? स्क्रूड्रायव्हर खिशात घालून फिरणार का?"

मला खरं तर त्यांना उशीर करायचा होता. पण त्याहून खरं म्हणजे अर्धवट गाडी हातावेगळी करणं मला जमतच नाही. बाबांनी लावलेली खोड आहे ती.

क्लच दाबल्याशिवाय या गाडीचा सेल्फ लागत नाही. क्लचच्या दांड्याखाली एक चिमुकला स्विच असतो. त्याचं रबर मागे सारलं, तर दोन वायरींपैकी एक सुटलेली, आणि सुटून लोंबत नव्हती, तर रबराच्या आत व्यवस्थित सरकवून ठेवलेली. वरून बघणाऱ्याला दोन्ही वायरी जागेवर दिसाव्यात अशी. मी टोकावरची जुनी पत्ती कापली, नवी लावली, आणि जुनी फडक्यावर फ्यूजच्या शेजारी ठेवली. हात आपोआप काम करत होते. डोकं मात्र कुठल्या कुठे मागे गेलं होतं.

लहानपणी बाबा आम्हा दोघींसाठी मुद्दाम गाडी बिघडवून ठेवायचे. दुपारी गिऱ्हाईक नसलं की हाच खेळ. एकीने बिघाड करायचा, दुसरीने शोधायचा. नियम एवढाच की काही तोडायचं नाही, काही जाळायचं नाही, जे करायचं ते पुन्हा जोडता आलं पाहिजे. शोधण्यात मी हुशार, करण्यात धाकटी. ती एकाखाली एक बिघाड लपवायची. पहिला मी चटकन शोधावा, खूश व्हावं, आणि मग तोंडावर पडावं म्हणून. मी चिडून पाना फेकला की ती पोट धरधरून हसायची.

बटण दाबलं. रिले गप्पच.

आता मला कुठे बघायचं ते माहीत होतं. रिलेच्या खाली वायरी एकमेकींना जोडणारा प्लास्टिकचा कपलर असतो. कपलर घट्ट बसलेला होता. मी तो काढून उजेडात धरला. आतल्या पितळी पिनांपैकी एक मागे सरकवलेली होती, तिला अडकवून धरणारी बारीक जीभ दाबून, नखभर. कपलर लावला की सगळं जोडल्यासारखं दिसतं आणि एक पीन टेकत नाही. हा धाकटीचा ठेवणीतला बिघाड. मी एकदा दुपारभर त्यावर डोकं आपटलं होतं.

 मला काय वाटलं ते सांगते. मला वाटलं, पोरीने मला हाक मारलीय. फोन नाही, दार नाही, तर तिने गाडी बिघडवली, जिथे फक्त मला वाचता येईल अशा जागी, आणि त्या गाडीबरोबर घराची किल्ली माझ्या हातात आणून पोचवली. अशा भयंकर वेळीसुद्धा मला तिचा अभिमान वाटला. आणि माझाही, कारण मी ते वाचलं होतं.

पीन जुनी झालीय, पकडत नाही, असं पुटपुटत मी नवी बसवली. जुनी फडक्यावर ठेवली. बटणाला बोट लावलं नाही. आता गाडी लागणार हे मला पक्कं ठाऊक होतं. मला फक्त जरा विचार करायला वेळ हवा होता.

तेवढ्यात मेहुणे स्टुलावरून उठून फडक्याजवळ येऊन उभे राहिले.

काढलेला माल ओळीने फडक्यावर मांडायचा, ही बाबांची शिस्त. गिऱ्हाइकाला दाखवायचं, हे खराब होतं, हे बदललं, म्हणजे संशयाला जागा नको. इतकी वर्षं हात तसेच वळलेत. मी विचार धाकटीचा करत होते आणि हातांनी तिन्ही वस्तू ओळीने मांडून ठेवल्या होत्या. मुडपलेला फ्यूज, क्लचची पत्ती, कपलरची पीन. स्वच्छ फडकं, वर सकाळचं ऊन. ज्या माणसाला लबाडी ओळखायचा पगार मिळतो, त्याच्या पुढ्यात मी पुरावा सजवून ठेवला होता.

त्यांनी फ्यूज उचलला. मुडपलेल्या पायावरून अंगठा फिरवला. मग पीन उचलून तिची दबलेली जीभ बघितली.

"एकाच गाडीला एकाच सकाळी तीन आजार, ताई?"

"जुनी झालीय गाडी."

"तुम्ही एवढी वर्षं हे काम करताय. तुम्हाला नाही वाटत काही?"

"मला वाटतं तुम्ही सर्व्हिसिंग वेळेवर करत नाही."

ते हसले. पीन त्यांनी रुमालात गुंडाळली आणि रुमाल खिशात ठेवला. "रोज सकाळी गाडी तीच पुसते," ते म्हणाले. "मला कौतुक वाटायचं. असू दे. तिकडे गेल्यावर विचारतो निवांत."

निवांत. हा शब्द मी आयुष्यात हजारदा ऐकला असेल. तो धमकीसारखा ऐकू येईल असं वाटलं नव्हतं.

त्यांनी हात पुढे केला. "द्या किल्ली."

"ट्रायल राहिलीय."

"लागतेय ना? मग नको ट्रायल."

"ट्रायल घेतल्याशिवाय माझ्या दारातून गाडी जात नाही. सख्खे जावई असलात तरी नाही." एवढं बोलेपर्यंत मी गाडी स्टँडवरून उतरवून वर बसलेही होते. क्लच दाबला, बटण दाबलं, आणि सेल्फ असा लागला, की मला एरवी आनंदाने शिट्टी वाजवावीशी वाटली असती. त्यांनी मागच्या कॅरिअरला हात घातला. पण त्यांची पकड बसायच्या आत मी गॅरेजच्या दारातून बाहेर पडले होते.

मागे वळून बघितलं नाही. मला एवढंच दिसत होतं, कुलूप, आणि त्याच्या आत धाकटी. ते टेम्पो परत बोलावतील, मागोमाग येतील. त्याआधी तिला बाहेर काढायचं. पुढचं पुढे.

रस्ता सपाट होता, सकाळची गर्दी ओसरली होती. सिमेंटच्या दुकानापाशी उतार सुरू होतो आणि खाली चौक लागतो. चौकातून एक ट्रक आडवा निघाला म्हणून मी मागचा ब्रेक दाबला. पाय थेट खाली गेला. पायाखाली काहीच नव्हतं. पुढचा दाबला, तर दांडा मुठीला येऊन टेकला आणि गाडीला त्याचं सोयरसुतक नव्हतं. उतारावर तिने वेग घेतला. मी गिअर पाडत गेले, इंजिन किंचाळलं. ट्रकची पाठ समोर मोठी होत चालली होती. शेवटी एका बांधकामापुढे वाळूचा ढीग दिसला आणि मी सरळ त्यात घुसले.

हँडलवरून पुढे पडले, कोपर सोललं. वाळू चाळणारा माणूस धावत आला. "बाई, ब्रेक मारायचा ना," तो म्हणाला.

"सुचलंच नाही बघा," मी म्हटलं.

त्याच्या मदतीने गाडी उभी केली आणि खाली वाकून बघितलं. पुढच्या चाकापाशी ब्रेकची केबल ताणून धरणारा नट शेवटच्या आट्यावर आला होता. मागच्या रॉडचाही तसाच. झिजलेला नव्हता, हलून हलून सैल झालेला नव्हता. नटाखालचे इतके दिवस झाकलेले आटे कोरे चमकत होते. कुणीतरी बसून, शांतपणे, बोटांनी फिरवून तो तिथवर आणला होता. आज सकाळीच.

मी वाळूत बसून राहिले. डोक्यात एकेक गोष्ट जागेवर बसत होती आणि प्रत्येक गोष्ट बसताना दुखत होती. दुपारी ते दोघं या गाडीवरून डोंगर ओलांडणार होते. पलीकडचा उतार सगळ्यांना ठाऊक आहे. त्या उतारावर धाकटी त्यांच्या मागे बसलेली असणार होती. आणि तरीही तिने हे केलं होतं. मग तिनेच सेल्फ तोडला, एकदा नाही, तीन जागी. ते तीन बिघाड मला हाक मारायला नव्हते. हा चौथा कुणाच्या वाट्याला येऊ नये, म्हणून होते. गाडी जागची हलू नये, एवढंच तिला हवं होतं. आणि मी एकेक करून ते तिन्ही काढले, वर स्वतःवर खूशही झाले.

दोन्ही नट मी बोटांनी आवळले, मग खिशातल्या पकडीने. ब्रेक दाबून बघितले. पुन्हा बघितले. मग निघाले.

तिच्या घराचं कुलूप एका फेऱ्यात उघडलं. ती पुढच्या खोलीत रिकाम्या भिंतीला टेकून उभी होती. सामान गेलेलं, फक्त एक पिशवी पायाशी. मला बघून तिच्या चेहऱ्यावर आनंद वगैरे काही आला नाही. तिने माझ्या खांद्यावरून बाहेर उभ्या गाडीकडे बघितलं.

"कुणी चालवत आणली?"

"मी."

तिने माझा हात धरून वर केला, सोललेलं कोपर बघितलं, बाहीवरची वाळू बघितली.  मग ती माझे पाय धरून खाली बसली.

"तुला काही झालं असतं तर," ती म्हणाली. बराच वेळ तेवढंच म्हणत होती.

"मला काही होत नाही. ऊठ. वेळ नाही आपल्याकडे."

पण ती बोलत सुटली. एवढ्या महिन्यांचं तुंबलेलं होतं. काल त्यांनी तिला क्वार्टरचा फोटो दाखवला. म्हणाले, इथे तुला कुणाची भीती नाही, मलासुद्धा लाजू नकोस, हवं तेवढं ओरड. रात्रभर ती जागी होती. सकाळी गाडी पुसायला बसली आणि फडक्याखालून नट फिरवत गेली. दोघं एकदमच संपू, असं तिला वाटलं. तिला ते चालणार होतं. मग तिला डोंगरापलीकडच्या उताराखालचा थांबा आठवला, तिथे एसटीची वाट बघत उभी असणारी माणसं आठवली, आणि तिला गरगरलं. नट पुन्हा आवळायचे, तर तोवर हे चहाचा कप घेऊन पुढच्या चाकापाशीच येऊन उभे राहिलेले. मग तिने पुसायचं निमित्त करून कव्हराखाली हात घातला.

"एक बिघाड ते स्वतः शोधतील, म्हणून तीन केले. वाटलं, आजचा दिवस जाईल. रात्री नट आवळून टाकीन."

"आणि मी? माझी आठवण नाही आली तुला?"

"तुझ्याकडे आणतील असं स्वप्नातही नव्हतं, ताई. तुझं नाव काढलं तरी..." तिने बाही खाली ओढली.

मला वाईट वाटलं. खरंच वाटलं, खोटं कशाला बोलू. ती हाक माझ्यासाठी नव्हती. तिच्या त्या रात्रभराच्या विचारात मी कुठेच नव्हते, मी वाचवीन असं तिला एकदाही वाटलं नव्हतं. पण रुसायला ही वेळ नव्हती. मी तिची पिशवी उचलली आणि तिला धरून पायरीवर आणलं.

गल्लीच्या तोंडाशी टेम्पो वळताना दिसला.

माझी नजर गाडीच्या पुढच्या चाकावर गेली. नट माझ्या हाताच्या अंतरावर होता. टेम्पो येईपर्यंत मागे-पुढे दोन्हीकडे बोटं फिरवून झाली असती. ते आज ना उद्या याच गाडीवरून डोंगर उतरणार, एकटे. मग तिला निवांत विचारायला मागे कोण उरलं असतं? मला ते करायचं होतं. अगदी मनापासून करायचं होतं. मी वाकलेही.

धाकटीने माझ्या हातावर तिचा हात ठेवला. थंडगार होता. "नको ताई. मी करून बघितलंय. सकाळपासून श्वास नीट येत नाहीये मला."

"मग फ्यूज तरी काढून घेते. पाठलाग तरी करता यायचा नाही."

"काही काढू नकोस. त्यांची गाडी त्यांना धडधाकट देऊन टाक. मला आता कशातच हात घालायचा नाही, आणि तूही घालायचा नाहीस."

टेम्पो थांबला. मेहुणे उतरले, ड्रायव्हरला हात करून थांबायला सांगितलं. शेजारच्या दारांत दोन-तीन बायका येऊन उभ्या राहिल्या होत्या. एरवी मला त्या डोकावणाऱ्या नजरांचा राग आला असता. आज त्यांच्यातल्या प्रत्येकीला मिठी मारावीशी वाटली.

"झाली ट्रायल?" त्यांनी विचारलं.

"झाली. हिला मी घेऊन जातेय माझ्याकडे."

त्यांची नजर गाडीवरच होती. "आणखी काही निघालं का गाडीत?"

धाकटीची बोटं माझ्या तळव्यात रुतली. "नाही," मी म्हटलं. "तीनच."

त्यांनी माझ्या बाहीवरची वाळू बघितली. मग गाडीभोवती हळूहळू फिरले, घरोघरच्या मीटरभोवती फिरत असतील तसे. पुढच्या चाकापाशी पँट वर ओढून उकिडवे बसले. नटावर माझ्या पकडीचे ताजे ओरखडे होते. त्यांनी त्यावरून बोट फिरवलं, बोट निरखून बघितलं आणि रुमालाला पुसलं. मागच्या चाकाकडे जाऊनही तेच केलं. उठले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं.

"राहा चार दिवस ताईंकडे," ते धाकटीला म्हणाले. अगदी प्रेमाने म्हणाले. "पत्ता माहीत आहे मला. येतो न्यायला."

मी किल्ली सीटवर ठेवली. घराचीही त्यातच होती. आम्ही दोघी चालायला लागलो. धाकटीला पळायचं होतं, मी तिला दंडाला धरून चालत ठेवलं. या बायकांच्या देखत तो माणूस काही करणार नाही, हे मी तिला सांगत होते आणि स्वतःलाही.

मागून सेल्फचा आवाज आला. पहिल्याच बटणाला लागला. गाडी आमच्या मागोमाग सावकाश आली, शेजारून पुढे गेली आणि गल्लीच्या टोकाला एकदम जागच्या जागी थांबली. चाक इंचभरही पुढे घसरलं नाही. त्यांनी वळून आमच्याकडे बघितलं, ब्रेक सोडला, पुन्हा दाबून बघितला, आणि समाधान झाल्यासारखी मान हलवून निघून गेले. फार चांगले आवळले होते मी ते ब्रेक. आता ती गाडी कुठल्याही दारासमोर हवी तेव्हा थांबणार होती.